अर्धवट होडी घेताना आधी वही मागा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या पार्किंगमधले ते दिवस आठवले. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या शेजाऱ्यांकडून अर्धवट मिरर होडी (प्लायची छोटी शिडाची होडी) मिळतेय, बुडाला रेझिनचा, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या द्रवाचा, एक हात आधीच बसलाय, आणि तुम्ही विचारताय की पुढचं प्लाय कुठलं घ्यावं नि रंग कुठला. ते नंतर बघू. आधी एवढं शोधा, की तो हात कसला आहे.

मी अशीच होडी सातपूरहून टेम्पोत घालून आणली. आधीचे मालक मुलाकडे परदेशी निघाले होते, व्यवहार दहा मिनिटांत झाला. बूड तुकतुकीत दिसत होतं, मी काही विचारलं नाही. अंबडला एका फायबरवाल्याकडून पॉलिएस्टर रेझिन नि मॅट (काचतंतूंची न विणलेली चादर) आणली, कारण एपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन फार महाग वाटलं. दोन रविवार मोडून दोन थर दिले. ऐन मे महिना, तरी तिसऱ्या दिवशी कडेला बोट लावलं तर खालून चिकट. मला वाटलं, रेझिन वाळवणारा कॅटॅलिस्ट कमी पडला. महिन्याभराने एका कोपऱ्यात पत्र्याची पट्टी घातली आणि अख्खा थर पापुद्र्यासारखा निघून आला.

खाली एपॉक्सी होतं. एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, शिवाय एपॉक्सीच्या हार्डनरमधली (त्याला कडक करणाऱ्या घटकातली) अमाइन ही रसायनं शिल्लक असली की वरचं पॉलिएस्टर वाळतच नाही. उलटं मात्र चालतं: जुनं पॉलिएस्टर पक्कं वाळलेलं असेल तर चांगलं घासून त्यावर एपॉक्सी बसतं. म्हणून खाली काय आहे हे कळलंच नाही, तर घासून वर एपॉक्सीच द्या. पैसे वाचवू नका इथे. मी वाचवले आणि पूर्ण पावसाळा ग्राइंडर घेऊन बसलो. दोन ठिकाणी प्लायचा वरचा पदरही उडाला.

नंतर त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, वहीत सगळं लिहिलं होतं की! मागितली असती तर दिली असती." घर रिकामं करताना ती रद्दीत गेली होती. कुठलं रेझिन, कोणत्या महिन्यात, किती प्रमाण, सगळं. याचं वाईट मला अजून वाटतं. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांबरोबर चहा घेऊन एक संध्याकाळ बसा, आठवेल ते लिहून घ्या, उरलेले डबे असतील तर त्यावरची लेबलं बघा.

एपॉक्सी वापरणार असाल तर मॅट नको, विणलेलं कापड घ्या. मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही. रेझिन-हार्डनर वजनकाट्यावर मोजा. वाळल्यावर हाताला मेणासारखं लागलं तर पुढचा थर देण्याआधी पाण्याने धुऊन घासा. आणि डिसेंबरात रात्री काम करू नका, नाशिकच्या थंडीत एपॉक्सी फार रेंगाळतं.

प्लायबद्दल एवढंच, की आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घ्या, नुसतं 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. आधीच्या प्लायला नाण्याने टकटक करा. आवाज पोकळ आला की तिथे पदर सुटलेत. नाळेला आणि मागच्या फळीजवळ एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून डोळा लावा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर बुडाला पीळ आहे, आणि आतले कप्पे बसल्यावर तो निघत नाही. तसं दिसलं तर माझ्या मते घेऊच नका.

मी इंजिनिअर नाही, हा एका होडीचा अनुभव आहे. जाणकार सांगतील ते ऐका.

गंगापूर धरणात उतरवायचा विचार असेल तर परवानगीची चौकशी आत्ताच सुरू करा, होडी झाल्यावर नको. मला एका कार्यालयात तीन टेबलांवर फिरवलं, प्रत्येकाने "हे आमच्याकडे नाही" म्हटलं आणि लेखी कुणीच दिलं नाही. तुम्ही अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. होडी धरणावर नेताना मिररची एक गोष्ट उपयोगी पडेल: तिची डोलकाठी आखूड आहे, वरची काठी वेगळी चढते, त्यामुळे सगळं ३.३ मीटरच्या होडीत आडवं मावतं आणि गाडीच्या टपावरून नेता येतं.

शेजाऱ्यांकडून वही मिळाली तर पानांचे फोटो टाका. रेझिनचं नाव वाचता आलं तर प्लाय घेण्याआधी एकदा बोलू.