उन्हाळी लागली की गोखरूचा काढा पुरतो का?

ताई, वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागलीये, अँटिबायोटिकऐवजी गोखरू चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी यातून गेलेय, म्हणून जरा लांबण लावते.

घोळ 'उन्हाळी' या शब्दातच आहे. वैशाखात पाणी कमी पडून लघवी गडद होते, जळजळते, ती उन्हाळी. आणि जंतुसंसर्गात दर दहा मिनिटांनी धावावं लागतं, होते थेंबभर, तीही उन्हाळीच. आजी चमचाभर धणे ठेचून रात्री भिजत घालायची, सकाळी गाळून खडीसाखर टाकून तांब्याभर प्यायला लावायची. पहिल्या प्रकारात दुपारपर्यंत बरं वाटायचंच. दुसऱ्यात खात्रीचा गुण त्यातल्या पाण्याचा. तोही थोडाथोडका नाही हं! 2018 सालच्या एका अभ्यासात वारंवार त्रास होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या 140 बायका होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्तीचं पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा.

गोखरू, पुनर्नवा लघवी साफ करतात म्हणून जुन्या काळापासून दिली जातात. पण त्यांच्यावरचं बरंचसं संशोधन उंदरांवर नि प्रयोगशाळेत झालेलं. तेवढ्या भरवशावर मी चार दिवस काढा ढोसत बसले. पाचव्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, कुशीत कळ. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला.

क्रॅनबेरीचं जरा वेगळं आहे. तिच्यातली द्रव्यं ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणारी संस्था; तिच्या 2023 च्या आढाव्यात 50 अभ्यास तपासले. वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पावपटीने घटलेला दिसला. पण हे पुन्हा होऊ नये म्हणून. झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. आणि केकवरची लाल 'चेरी' पाहून भुलू नका, ते बहुतेकदा पाकवलेलं करवंद असतं. त्याचं आणि क्रॅनबेरीचं कूळही एक नाही.

धण्याचं पाणी खुशाल प्या, मधुमेह असेल तर खडीसाखर वगळून. ताप, कुशीत दुखणं, लघवीत रक्त किंवा दिवस गेलेले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिसरी खेप आहे, तेव्हा कल्चर कराच, आणि नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. माझा नंतर दिला गेला होता एकदा, गोळीने जंतू आधीच दबलेले, म्हणून रिपोर्ट कोरा आला आणि पैसे वाया.