शोधायचं नाव खिडकीत आधीच भरून हवं

प्रश्न: पतसंस्थेची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे. बटण दाबल्यावर शोधायची खिडकी उघडावी आणि निवडलेल्या सेलमधलं नाव तिच्यात भरलेलं असावं. सेंडकीजने (कळा दाबल्यासारखं करणारी आज्ञा) कंट्रोल-एफ पाठवतो, पण अक्षरं कधीकधी भलतीकडेच उमटतात.

उत्तर: सेंडकीज सोडूनच द्या. त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिच्यात कळा पडतात, आणि लोकांच्या खात्यांच्या नोंदींवर ही जोखीम मुळीच घेऊ नये. ॲप्लिकेशन डॉट डायलॉग्ज, कंसात 64 (हा शोधायच्या खिडकीचा क्रमांक), डॉट शो, मग जागा सोडून ॲक्टिव्हसेल डॉट व्हॅल्यू, एवढी एक ओळ पुरते. शोचं पहिलं आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला दिलेलं पहिलं मूल्य, हाच शोधायचा मजकूर.

प्रश्न: मॅक्रोत (एक्सेलमध्ये आपोआप काम करणाऱ्या छोट्या कोडमध्ये) ‘पुणे’ लिहिलं की चार प्रश्नचिन्हं दिसतात. शिवाय फाइंड ही शोधायची आज्ञा भलत्याच गावांवर थांबते.

उत्तर: व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रोच्या भाषेच्या, एडिटरला युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) कळत नाही, म्हणून देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. ‘पुणे’ दिसायला दोन अक्षरं. साठवताना मात्र प, उकार, ण, मात्रा अशी चार. खरा घोळ पुढे आहे. एक्सेलच्या शोधात प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. त्यामुळे तुमचा मॅक्रो ‘कुठलीही चार अक्षरं’ शोधतो आणि सातारा, सांगली, सगळंच त्याला सापडतं! काहीच न सापडण्यापेक्षा हे जास्त घातक, कारण चूक झाल्याचा पत्ताही लागत नाही. एका सेलमध्ये ‘पुणे’ लिहा आणि मॅक्रोला मजकूर तिथून घ्यायला सांगा. कोडमध्येच हवं असेल तर सीएचआरडब्ल्यू (क्रमांकावरून अक्षर देणारं फंक्शन) वापरून 2346, 2369, 2339, 2375 हे क्रमांक जोडा. मी स्वतः सेलच वापरते. उद्या गाव बदललं तर कोडला हात लावावा लागत नाही. आणि खरोखर प्रश्नचिन्हच शोधायचं असेल, तर त्याआधी ~ टाका.

प्रश्न: मॅक्रो चालवल्यापासून साध्या कंट्रोल-एफमध्ये अर्धं आडनाव टाकलं तर सापडत नाही.

उत्तर: मॅक्रोत लुकॲटला (पूर्ण सेल जुळवायचा की भाग, हे सांगणारं सेटिंग) एक्सएलहोल, म्हणजे ‘पूर्ण सेल’, दिलं असणार. फाइंडचं हे सेटिंग एक्सेल लक्षात ठेवतं आणि खिडकीतही तेच लागू होतं. ऑप्शन्समध्ये जाऊन पूर्ण सेल जुळवण्याची खूण काढा. मॅक्रोतही लुकइन (कशात शोधायचं ते) आणि लुकॲट दर वेळी स्पष्ट लिहा, नाहीतर मागच्या माणसाचं सेटिंग तुमच्या शोधाला लागेल.

प्रश्न: नाव यादीत नसलं की एरर 91 येते.

उत्तर: फाइंडला काही मिळालं नाही की ते नथिंग (‘काहीच नाही’) परत करतं, आणि नसलेला सेल निवडायला गेलं की ही एरर येते. आधी ‘इज नथिंग’ तपासा, मगच सिलेक्ट करा.