यजमानाच्या घरी जाऊन पाहायचा खेळ

या महिन्याच्या टपालातून अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचे सामने निरनिराळ्या विद्यापीठांत प्रत्यक्ष जाऊन पाहण्याविषयीची चार पत्रे येथे घेतली आहेत. हा प्रवास मी स्वतः गेली बावीस वर्षे दर हिवाळ्यात करत आलो आहे, त्यामुळे उत्तरांत माझ्या आवडीनिवडी आल्याशिवाय राहणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न : मी सिनसिनाटी येथे राहतो आणि या वर्षी निवृत्त होत आहे. तीस वर्षे हा खेळ दूरचित्रवाणीवर पाहिला. आता एका हंगामात वीस विद्यापीठांत जाऊन सामने पाहण्याची इच्छा आहे. मित्र म्हणतात, नामांकित संघ तेवढे पाहा, बाकीचे सोडा. यादी कशी करावी?

उत्तर : यादीच्या आधी दिनदर्शिका हाती घ्यावी, कारण या प्रवासात बहुतेकांची चूक तिथेच होते. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन एप्रिलच्या आरंभी संपतो, म्हणजे कागदावर पाच महिने दिसतात. परंतु संघ आपल्या घरच्या कोर्टावर खेळतात ते साधारणपणे मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. त्यानंतर कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटांच्या, स्पर्धा आणि 68 संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते, आणि पुरुषांचे ते सामने बहुतेक त्रयस्थ शहरांतील मोठ्या प्रेक्षागृहांत होतात. उरलेल्या चार महिन्यांतूनही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ वजा करावा लागतो, कारण तेव्हा परीक्षा आटोपून विद्यार्थी घरी गेलेले असतात. संघ तोच, कोर्ट तेच, पण विद्यार्थ्यांच्या बाकांवर चार-दोन डोकी दिसतात आणि बँडही अनेकदा अपुरा असतो. मी पहिल्या वर्षी नाताळच्या आठवड्यात सलग पाच सामने पाहिले आणि पाचही ठिकाणी मला रिकाम्या घराला भेट दिल्यासारखे वाटले. तेव्हा खरा हंगाम म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध आणि सबंध फेब्रुवारी, असे समजून चालावे. एवढ्या काळात वीस ठिकाणे गाठणे अशक्य नाही. पण आठ-दहा ठिकाणे निवडून प्रत्येक गावी एक पूर्ण दिवस मुक्काम करावा, असा माझा आग्रह राहील. सामना दोन तासांत संपतो. ज्या गावाने तो संघ पिढ्यान्‌पिढ्या आपला मानला, ते गाव पाहायला दिवस लागतो.

आपण सिनसिनाटीला असल्याने आरंभ इंडियानापासून करावा. इंडियानापोलिस आपल्यापासून जेमतेम 110 मैलांवर आहे आणि तेथे बटलर विद्यापीठाचे 1928 साली बांधलेले हिंकल फील्डहाऊस आहे. शक्य असेल तर तेथील सामना शनिवारी दुपारचा निवडावा. विटांच्या त्या इमारतीच्या दोन्ही टोकांना उंच खिडक्या आहेत आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन त्यांतून थेट आत येते. मी गेलो त्या दिवशी उत्तरार्धात तो उजेड हळूहळू कोर्टावरून सरकत बाकांवर चढला, आणि माझ्या पुढच्या रांगेतील वृद्ध गृहस्थ डोळ्यांवर हात धरून फ्री थ्रो पाहत होते. याच कोर्टावर 1954 साली 161 विद्यार्थ्यांच्या मायलन या गावच्या शाळेने मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला 32-30 असे हरवून राज्याचे शालेय विजेतेपद मिळवले होते. बॉबी प्लंपने शेवटच्या क्षणी मारलेला तो बास्केट इंडियानात आजही घरोघर ठाऊक आहे. बटलरचा संघ स्वतः 2010 साली राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाकडून 61-59 असा हरला, आणि तो सामनाही याच शहरात झाला होता. तेथून दक्षिणेला पन्नासेक मैलांवर ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठाचे ॲसेंब्ली हॉल आहे. त्याच्या गॅलऱ्या इतक्या उभ्या चढणीच्या आहेत की वरच्या रांगेत बसल्यावर विहिरीत डोकावल्याचा भास होतो. कोर्टाच्या टोकाला पाच विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत. त्यांपैकी 1976 चा संघ संपूर्ण हंगाम अपराजित राहिला होता, आणि पुरुषांच्या गटात त्यानंतर ते कोणालाही साधलेले नाही.

दुसरा मुक्काम कॅन्ससमधील लॉरेन्स. माझ्या मते एकाच ठिकाणी जाता येणार असेल तर तेथे जावे. 1891 साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे ज्यांनी हा खेळ शोधून काढला ते जेम्स नायस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात आले आणि तेथील पहिले प्रशिक्षक झाले. गंमत अशी की त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांपैकी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असणारे ते एकटेच. त्यांची नोंद 55 विजय आणि 60 पराभव अशी आहे. त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांच्या नावाचे ॲलन फील्डहाऊस 1955 पासून उभे आहे. त्याला लागून असलेल्या इमारतीत नायस्मिथ यांनी लिहिलेल्या मूळ तेरा नियमांची टंकलिखित दोन पाने काचेआड ठेवलेली आहेत. 2010 सालच्या लिलावात ती 43 लाख डॉलरना विकली गेली होती. सामन्याआधी ती पाने अवश्य पाहावीत आणि मग आत जाऊन लवकर जागा धरावी. पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावे पुकारली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून वाचत असल्याचे दाखवतात, जणू समोर कोणी आलेच नाही. आणि घरच्या संघाचे नाव येताच त्याच कागदांचे कपटे हवेत उडतात. सामना हातात आल्यावर ‘रॉक चॉक जेहॉक’ हा घोष सुरू होतो. तो ओरडून म्हणत नाहीत, प्रार्थनेसारखा लांबवत म्हणतात. पंधरा हजारांहून अधिक माणसे एका संथ लयीत तो म्हणू लागली की पाहुण्यालाही गप्प बसवत नाही.

तिसरा मुक्काम नॉर्थ कॅरोलिना. ड्यूक आणि चॅपल हिल या दोन विद्यापीठांत सुमारे दहा मैलांचे अंतर आहे आणि हे वैर साऱ्या देशाला ठाऊक आहे. ड्यूकचे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम 1940 सालचे असून त्यात फक्त 9,314 प्रेक्षक मावतात. कोर्टाच्या कडेला विद्यार्थी इतके चिकटून उभे असतात की चेंडू आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीला त्यांची बोटे लागतील की काय असे वाटते. चॅपल हिलविरुद्धच्या सामन्यासाठी हे विद्यार्थी कित्येक आठवडे तंबूत राहतात. बाहेरच्या माणसाने त्या सामन्याच्या तिकिटाचा नाद धरू नये. एखाद्या दुबळ्या पाहुण्या संघाविरुद्धचा सामना निवडावा, आणि मघाशी सांगितलेला सुट्टीचा काळ येथे मात्र उपयोगी पडतो, कारण तेव्हा तिकीट मिळण्याची शक्यता वाढते.

ड्यूक ज्या गावी आहे त्या डरॅममध्ये असताना तेथील दुसरे विद्यापीठही पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल हे कृष्णवर्णीयांचे ऐतिहासिक विद्यापीठ आहे आणि त्याच्या जिमला जॉन मॅक्लेंडन यांचे नाव जोडलेले आहे. मॅक्लेंडन कॅन्ससला नायस्मिथ यांच्याच हाताखाली शिकले, परंतु वर्णभेदामुळे तेथील संघात त्यांना खेळता आले नाही. पुढे डरॅमला प्रशिक्षक असताना 12 मार्च 1944 रोजी, रविवारी सकाळी, सारे गाव चर्चमध्ये असताना, त्यांच्या संघाने ड्यूकच्या वैद्यकीय महाविद्यालयातील गोऱ्या खेळाडूंशी बंद दाराआड सामना खेळला. तो कायद्याच्या विरुद्ध होता. मॅक्लेंडन यांचा संघ 88-44 असा जिंकला, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांत मिसळून पुन्हा खेळले. ही हकिगत कित्येक दशके बाहेर आली नव्हती. लॉरेन्स पाहून डरॅमला जाणाऱ्याला हा धागा ठाऊक असला म्हणजे दोन्ही गावे निराळी दिसू लागतात. आणि केवळ नामांकित संघ पाहण्याचा सल्ला मला पटत नाही, तो यासाठीच.

राहिलेल्या जागांत फिलाडेल्फियाचे 1927 सालचे पॅलेस्ट्रा असावे, जेथे शहरातील विद्यापीठे आपापसातील सामने वर्षानुवर्षे खेळत आली; त्याच्या व्हरांड्यातून जुनी छायाचित्रे पाहत एक फेरी मारल्याशिवाय बसू नये. दूर जाण्याची तयारी असेल तर आल्बुकर्कीचे ‘द पिट’ पाहावे. त्याचे कोर्ट जमिनीखाली 37 फूट आहे आणि गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 5,100 फुटांवर, त्यामुळे पाहुण्या खेळाडूंना लागलेली धाप वरूनही दिसते.

प्रश्न : मी चार तास गाडी चालवून एका विद्यापीठात पोहोचलो, परंतु कॅमेऱ्याची पिशवी दारातच अडवली गेली. ती गाडीत ठेवून परत येईपर्यंत सामन्याची पहिली दहा मिनिटे गेली. मला फार वाईट वाटले. हे कसे टाळावे? (ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर : आपली निराशा मी समजू शकतो. बहुतेक मोठ्या प्रेक्षागृहांत आता केवळ पारदर्शक पिशवी चालते आणि तिचे माप सहसा 12 इंच लांब, 12 इंच उंच आणि 6 इंच रुंद एवढेच असते. काढघालीच्या लेन्सचा कॅमेरा अनेक ठिकाणी मुळीच चालत नाही. प्रत्येक विद्यापीठाचा नियम त्याच्या क्रीडा विभागाकडून आदल्या दिवशी पाहून घ्यावा. तिकीट फोनवरच असते, म्हणून ते घरून निघतानाच उघडून साठवून ठेवावे. तसेच सामन्याची वेळ दूरचित्रवाणी वाहिनीच्या सोयीने बदलू शकते, तेव्हा परतीचे विमान त्याच रात्रीचे घेऊ नये.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी शाळेच्या संघात खेळते. तिला घेऊन प्रवास करायचा आहे. मुलींचे सामने पाहण्यासाठी एवढे लांब जाणे योग्य ठरेल का, आणि कोठे जावे? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : निःसंशय योग्य ठरेल, आणि माझा सल्ला असा की तिचा पहिला सामना महिलांचाच असावा. आपल्यापासून मोटारीच्या अंतरावर कनेक्टिकट विद्यापीठ आहे. तेथील महिला संघाने 2025 सालापर्यंत 12 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत आणि 2014 ते 2017 या काळात सलग 111 सामने जिंकले होते. हा संघ स्टॉर्स येथील विद्यापीठाच्या आवारात आणि हार्टफर्ड शहरात असा दोन ठिकाणी खेळतो. आपण आवारातील सामना निवडावा.

पुढे जमले तर आयोवा सिटी गाठावी. आयोवा विद्यापीठाच्या कार्व्हर-हॉकाय या प्रेक्षागृहात आपण रस्त्याच्या पातळीवरून शिरतो आणि कोर्ट एकदम खाली दिसते. केटलिन क्लार्कने तेथे खेळताना 3,951 गुणांची कारकीर्द उभी केली. तिच्या शेवटच्या कॉलेज सामन्याला, म्हणजे एप्रिल 2024 मधील साउथ कॅरोलिनाविरुद्धच्या अंतिम लढतीला, 1 कोटी 80 लाखांहून अधिक दूरचित्रवाणी प्रेक्षक लाभले, आणि हा आकडा त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा मोठा होता. मी ज्या दिवशी तेथे गेलो त्या दिवशी माझ्या शेजारी नऊ-दहा वर्षांच्या दोन बहिणी होत्या. त्या गुणफलकाकडे क्वचितच पाहत होत्या; त्यांचे लक्ष बचावपटूच्या पायांवर होते, आणि थोरली धाकटीला सांगत होती, ‘बघ, चेंडू येण्याआधीच ती वळली.’ आपल्या मुलीला असे काही दिसावे म्हणून जागा खालच्या रांगेतील घ्यावी. पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन भाग असतात, तर महिलांच्या सामन्यात दहा मिनिटांचे चार. चेंडूचा घेरही महिलांसाठी एक इंचाने कमी, साडेअठ्ठावीस इंच असतो, हे तिला ठाऊक असेलच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेतील पहिल्या दोन फेऱ्या अग्रमानांकित सोळा संघांच्या घरच्या कोर्टावर होतात. मार्चच्या उत्तरार्धात एखाद्या विद्यापीठाच्या आवारात बाद फेरीचा सामना पाहण्याची संधी सहसा येथेच मिळते, आणि दोन-तीन दिवसांत तीन सामने एकाच गावी पाहून होतात.

प्रश्न : लहान महाविद्यालयांचे सामने पाहण्यात काही अर्थ आहे का? तेथे खेळाचा दर्जा कमीच असणार. (शिकागो)

उत्तर : डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत, आणि त्यांच्याखेरीज शेकडो लहान महाविद्यालये खेळतात. दर्जात फरक असतो, हे खरेच आहे. उंची कमी असते, उड्या कमी असतात. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या श्रेणीत तर खेळासाठी शिष्यवृत्तीच दिली जात नाही, म्हणजे समोर धावणारा मुलगा उद्या सकाळी प्रयोगशाळेत हजर असणार. पण प्रवेश काही डॉलरमध्ये किंवा विनामूल्य मिळतो, बसायला प्रशिक्षकाच्या इतक्या जवळ मिळते की टाइमआऊटमधील शब्दन्‌शब्द ऐकू येतो, आणि एरवी दिसणार नाहीत असे प्रयोग दिसतात. आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाचा संघ खेळाडू सतत बदलत, अखंड धावत खेळण्यासाठी प्रसिद्ध झाला, आणि तेथील जॅक टेलरने नोव्हेंबर 2012 मध्ये एकाच सामन्यात 138 गुण मिळवले.

आपण शिकागोला आहात, तर डिसेंबरमध्ये एका शुक्रवारी इंडियानातील अपलंड या लहान गावी, टेलर विद्यापीठात जावे. सत्रपरीक्षेआधीच्या त्या सामन्याला ‘सायलेंट नाइट’ म्हणतात. विद्यार्थी चित्रविचित्र वेशांत, कोणी रात्रीच्या पायजम्यात, जिम गच्च भरून बसतात आणि आपल्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत कोणी अवाक्षर काढत नाही. हजारो माणसांच्या मध्ये बसून बुटांची करकर, चेंडूचे ठोके आणि खेळाडूंनी एकमेकांना घातलेल्या हाका तेवढ्या ऐकू येतात. फलकावर आठ झाले की रांगाच्या रांगा हळूहळू पुढे झुकतात. नऊवर संघ अडला, तर श्वास रोखून धरलेली ती शांतता आणखी ताणली जाते; आणि दहावा गुण पडताच सगळे एकदम उसळून उठतात. त्या क्षणाआधी जागेवर बसलेले असावे म्हणून निदान तासभर आधी पोहोचावे.