डिझेल थिजतं की गोठतं?

नांदेडच्या एका वाचकाने विचारलंय: ‘लडाखमध्ये लष्करी गाड्यांचं डिझेल गोठतं असं वाचलं. आपल्याकडे खोबरेल थिजतं, मग डिझेल का गोठावं? आणि सैन्य सौरऊर्जेकडे वळल्यावर हा शब्द लागणार तरी कशाला?’

थिजतंच म्हणा. पाणी गोठतं, स्निग्ध पदार्थ थिजतात. बोलताना तूपही ‘गोठलं’ म्हणतात, त्याला कुणी अडवत नाही. पण डिझेलचं जे होतं ते ‘थिजणं’च नेमकं सांगतं. त्यात पॅराफिन, म्हणजे मेण असतं. गारठा वाढला की आधी डिझेल गढूळ दिसतं, मग मेणाचे कण फिल्टरमध्ये बसतात आणि इंजिन बंद पडतं. टाकीतलं डिझेल तेव्हाही डुचमळत असतं! जुना उपाय रॉकेल मिसळण्याचा. त्याने काम भागतं, पण रॉकेलला वंगणपणा कमी, पंप झिजतो. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. हिवाळ्याची रसद बर्फ पडण्याआधीच वर पोचवायची असते, त्यामुळे जानेवारीत टाकीत कोणतं डिझेल असेल हे उन्हाळ्यातच ठरतं. हवामान बदलानेही हे गणित सुटत नाही. थंडी आहेच, वर ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं हिमनदीच्या पाण्याचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तिस्ताकाठची लष्करी वाहनं वाहून गेली. साठा नदीपासून किती उंचावर ठेवायचा, हेही आता पाहावं लागतं.

बायोडिझेल, म्हणजे खाद्य-अखाद्य तेलांपासून बनवलेलं डिझेल, तर अधिकच थिजतं. पाम तेलाचं दहा-पंधरा अंशांवरच गढूळ होतं, करडईचं त्याहून बरंच उशिरा. परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर आला तरी बुधल्यातलं करडीचं तेल वाहतं, ते संपृक्त चरबी कमी असल्यामुळे. (जानेवारी २०२० मध्ये लेहला उतरलेल्या हवाई दलाच्या एएन-३२ विमानात १० टक्के जैवइंधन होतं, पण ते बायोडिझेल नव्हे. मोगली एरंडाच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं ते विमानाचं इंधन.)

आता सौरऊर्जा. छावण्यांना वीज देणारी डिझेलची जनित्रं गेली की ‘थिजणं’ मागे पडेल आणि ‘गोठणं’ पुढे येईल. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उणे ५० अंशांतही टिकते; उतरलेली असेल तर आतलं आम्ल पाण्यासारखं पातळ झालेलं असतं, ते उणे दहाच्या आसपास गोठतं आणि डबा तडकतो. लिथियमची तऱ्हा वेगळी: शून्याखाली चार्ज केली की आत लिथियम धातू साचतो, क्षमता कायमची घटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिला आधी ऊब द्यायची, मग चार्जिंग. त्या उबेलाही वीज लागतेच. लडाखमधल्या चुशूलला सैन्यासाठी एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचा २०० किलोवॅटचा सौर-हायड्रोजन प्रकल्प आहे. उन्हात हायड्रोजन बनवून साठवायचा आणि रात्री इंधन-घटातून, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज बनवणाऱ्या घटातून, वीज घ्यायची. त्या घटातून बाहेर पडतं ते पाणी. ते नळीत राहिलं तर गोठणारच, म्हणून घट बंद करताना नळ्या कोरड्या कराव्या लागतात.