पावसाळ्यात थोडे बेडूक पकडले तर खरोखरच फरक पडतो का?

आपण विचारले आहे की, कोकणात पहिल्या पावसात खाण्यासाठी बेडूक पकडण्याची रीत काही गावांत पूर्वापार चालत आली आहे आणि एक मादी हजारो अंडी घालते; असे असताना दरवर्षी चार-दोन पोती बेडूक गेले तर त्यांची संख्या घटते असे कशावरून म्हणायचे, आणि घटली तर ते ओळखायचे कसे? मी सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात बरीच वर्षे प्राणिशास्त्र शिकवले असून घरची भातशेतीही करतो, म्हणून या दोन्हींच्या आधारे उत्तर देतो.

फरक पडतो. किती बेडूक पकडले यापेक्षाही ते कधी पकडले, याने तो अधिक पडतो.

आपल्याकडे खाण्यासाठी पकडला जातो तो प्रामुख्याने इंडियन बुलफ्रॉग, म्हणजे आपला सर्वांत मोठा बेडूक. तो उन्हाळाभर मातीत निपचित पडून असतो आणि मृगाचा पाऊस शेतात साचला की बाहेर येतो. त्या मोजक्या रात्री नर लिंबासारखे पिवळेधमक होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या स्वरपिशव्या निळ्याशार फुगतात आणि एकाच खाचरात दहा-वीस नर एकत्र ओरडू लागतात. त्या आवाजाच्या रोखाने माद्या येतात आणि त्याच आवाजाच्या रोखाने पकडणारेही येतात. वर्षभर विखुरलेला आणि सहसा दृष्टीस न पडणारा हा प्राणी नेमका प्रजननाच्या वेळीच एका जागी, उघड्यावर सापडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, रात्री बॅटरीचा उजेड दिसला म्हणून मी गेलो, तर ओळखीचीच दोन मुले बांधावरून फिरत होती. डोळ्यांवर झोत पडला की नर जागचा हलत नाही. जाळे लागत नाही की गळ, तो नुसता हाताने उचलता येतो. बांधावर ठेवलेले गोणपाटाचे पोते आतून हलत होते. त्यांना ते उघडायला लावले, तेव्हा त्यात बहुतेक पिवळे नर होते, पण पाच-सहा माद्याही होत्या आणि त्यांची पोटे अंड्यांनी तटतटली होती. मुलांनी माझ्या शब्दाखातर पोते पाण्यात रिकामे केले, पण आणखी दोन तास उशीर झाला असता तर त्या कुणग्यातली वर्षाची सगळी वीण त्या पोत्यातून गेली असती.

आता हजारो अंड्यांचा मुद्दा. अंडी इतकी घातली जातात, कारण त्यांतली जवळजवळ सगळी मरणारच असतात: डबके आटते, पाणकिडे आणि मासे खातात, शिवाय बुलफ्रॉगचे डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेली शेपटीची पिल्ले, मांसाहारी असल्यामुळे ते इतर बेडकांच्या आणि आपल्याच जातीच्या डिंभांनाही खातात. अंडी किंवा डिंभ काही प्रमाणात कमी झाले तर उरलेल्यांना अन्न आणि जागा जास्त मिळते व ती तूट बरीचशी भरून निघते. पूर्ण वाढलेल्या बेडकाचे तसे नसते. साप, बगळे आणि उन्हाळे यांतून वाचून जो एकदा वयात आला, तो पुढची काही वर्षे वीण देऊ शकतो आणि त्याची जागा एका हंगामात भरत नाही. पकडणाऱ्याला मात्र मोठाच बेडूक हवा असतो.

घरापुरते पकडणे आणि विकण्यासाठी पकडणे यांतही अंतर आहे. घरच्या खाण्याला पोटाची मर्यादा असते, बाजाराला ती नसते. शेजारच्या गोव्यात या मांसाला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. तिथल्या मागणीमुळे पावसाळ्यात बेडकाला भाव येतो आणि भाव आला की गावचा माणूस गावच्या शेतापुरता थांबत नाही. बुलफ्रॉगला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे ही पकड आणि विक्री हे दोन्ही गुन्हे आहेत, हेही आपणांस ठाऊक असावे.

बाजार काय करू शकतो हे आपल्या देशाने एकदा पाहिले आहे. भारतातून बेडकांच्या तंगड्या अनेक वर्षे परदेशी जात होत्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही निर्यात वर्षाला काही हजार टनांवर पोहोचली होती. फक्त मागचे पाय जात, बाकीचे धड टाकून दिले जाई आणि पाय पुष्कळदा जिवंतपणीच कापले जात. हे लिहितानाही मला त्रास होतो. १९८५ मध्ये बुलफ्रॉग वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आला आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. मागणी मात्र संपली नाही, ती प्रथम बांगलादेशाकडे आणि मग इंडोनेशियाकडे सरकली. २०१० ते २०१९ या काळात युरोपीय संघाने सुमारे ४ कोटी किलो तंगड्या आयात केल्या आणि त्यांतल्या बहुतांश इंडोनेशियातून आल्या होत्या. कीड खाणारे बेडूक संपले म्हणून त्या काळी कीटकनाशकांची आयात वाढली, असे अनेकदा सांगितले जाते. त्यात तथ्य असू शकते, पण संकरित बियाणांबरोबर कीटकनाशके तशीही वाढतच होती, म्हणून सारे खापर निर्यातीवर फोडणे मला पटत नाही.

खाण्याव्यतिरिक्तही पकड होती आणि तिच्यात माझा हात आहे. प्रात्यक्षिकासाठी दरवर्षी पुरवठादाराकडून रानातले बेडूक येत आणि मी कित्येक तुकड्यांकडून त्यांचे विच्छेदन करून घेतले. ते बेडूक कुठल्या शेतातून येतात हे मी एकदाही विचारले नाही, याची मला आज खंत वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितले, ते योग्यच झाले.

जिवंत उभयचरांच्या व्यापाराने रोगही पसरतात. बेडकांच्या कातडीला जडणाऱ्या कायट्रिड बुरशीचा उगम पूर्व आशियातला असल्याचे २०१८ च्या जनुकीय अभ्यासात दिसले आणि तिने जगभरात किमान ५०१ जातींची संख्या घटवली, असा २०१९ चा अंदाज आहे.

कोकणात बेडकांवरचे सर्वांत मोठे संकट पकड हे नव्हे, असे माझे मत आहे. पडीक राहणारी खाचरे, बुजवलेली तळी, सड्यांवरच्या, म्हणजे कातळपठारांवरच्या, चिऱ्याच्या खाणी आणि तणनाशके यांनी अधिक नुकसान केले आहे. पण त्यातून जे थोडे उरतात, त्यांच्यावर हा घाव विणीच्याच रात्री बसतो.

संख्या घटली का, हे पाहण्यासाठी एकच खाचर निवडावे. मृग लागल्यावर पहिला जोरदार पाऊस पडेल त्या रात्री आणि पुढच्या चार रात्री नऊच्या सुमारास बांधावर दहा मिनिटे उभे राहून ओरडणारे नर मोजावेत व वहीत तारीख आणि पाऊस यांसह लिहावेत. पाऊस दरवर्षी सारखा नसतो, म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवू नये. पाच वर्षे तरी मोजावे. आमच्या कुणग्यात त्या पोत्याच्या वर्षी मी सतरा नर मोजले होते, पुढच्या वर्षी नऊ आणि गेल्या पावसाळ्यात चौदा.