सिगारच्या दुकानासमोरच्या लाकडी 'इंडियन' पुतळ्याचं जलरंगात चित्र का काढलं, आणि तो पुतळा आज का खटकतो?

आधी एक खुलासा: इथला 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूलनिवासी. कोलंबसाच्या चुकीतून ते नाव त्यांना चिकटलं.

अशी जलरंगचित्रं 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' या सरकारी प्रकल्पातली आहेत. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना 1935 पासून जुन्या वस्तूंची हुबेहूब चित्रं काढायचं काम मिळालं. अशी सुमारे 18,000 चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. लाकडाला गेलेली चीर, उडालेला रंग, सगळं इतकं जिवंत उतरलंय की मला ती फार आवडतात.

पण पुतळ्याचं काय? एकोणिसाव्या शतकात हे पुतळे तंबाखूच्या दुकानांची पाटी होते. वाचता न येणाऱ्यालाही दुकान ओळखू यायचं. लाकडी जहाजांचं काम घटल्यावर जहाजांच्या पुढच्या टोकावरच्या मूर्ती कोरणारे न्यूयॉर्कच्या सॅम्युअल रॉबसारखे कारागीर याकडे वळले. समोर खरा माणूस बसवून कोरण्याची गरज बहुतेकांना वाटली नाही. म्हणून डोक्यावर पिसं, अंगावर घोंगडी, हातात सिगारची जुडी, असा एकच साचा. शेकडो वेगवेगळ्या जमाती, त्यांच्या भाषा, त्यांचे पोशाख त्यात पुसले गेले. आणि त्याच काळात त्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं जात होतं. मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

चित्र जरूर पाहा, चित्रकाराचा हात अप्रतिम आहे. मात्र त्यात दिसतो तो गोऱ्या दुकानदाराच्या कल्पनेतला 'इंडियन'.