पावसाळ्यातल्या नोंदी

सप्रेम नमस्कार,

राखीव क्षेत्राला लागून कारखाना येतोय म्हटल्यावर मोर्चा काढावासा वाटणारच. जरूर काढ. पण आधी पर्यावरण परिणाम अहवालात, म्हणजे कारखान्यानं निसर्गावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या कंपनीच्या अहवालात, एक गोष्ट शोध: पाहणी कोणत्या महिन्यांत झाली? बहुतेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एका ऋतूतली माहिती चालते. पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर तळं आटलेलं, गवत वाळलेलं, बेडूक जमिनीखाली. मग अहवालात 'विरळ झुडपं, पडीक माळ' एवढंच उतरतं. त्या महिन्यांत तिथं दिसतंही तसंच.

उरलेलं वर्ष तुम्हीच नोंदवायचं. पहिल्या पावसापासून वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, कुणी पाहिलं. फोटोसोबत अक्षांश-रेखांश हवेत. प्राणी ओळखता आला नाही तर अंदाजानं नाव ठोकू नका, 'ओळख पटली नाही' असंच लिहा. एक नाव चुकलं की कंपनीचे सल्लागार अख्खी वही बाद ठरवायला बघतात. आणि गुराख्यांना विचार. पाणी कुठून येतं, कुठं जिरतं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

जनसुनावणीची, म्हणजे प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या जाहीर बैठकीची, सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. लेखी हरकत दे, पोच घे. अंतिम अहवालात हरकतींची दखल घेणं कंपनीवर बंधनकारक आहे. सुनावणीत मात्र शेवटपर्यंत बसा! केंद्र सरकारच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे कामकाजाचा सारांश तिथंच, स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. लोक संतापून घोषणा देत आधीच निघून जातात आणि आपलं म्हणणं कागदावर कसं उतरलं ते ऐकायला कुणी उरत नाही. हे पाहून फार जीव तुटतो.

नोकरी मिळेल म्हणून कारखाना हवा असणाऱ्या पोरांना शत्रू समजू नकोस. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलात वीजनिर्मितीसाठी धरण होणार होतं. त्याविरुद्धच्या लढ्यात केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेनं जंगलाइतकाच विजेचा आणि अर्थकारणाचा हिशेब मांडला होता. त्या धरणाला 1973 मध्ये मंजुरी मिळाली होती. धरण न होता तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं 1984 मध्ये. तेव्हा दमानं घे.

कारखान्याला पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, 30 दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. म्हणून मंजुरीचं पत्र निघालं का, हे रोज तपासायचं काम आत्ताच एकाकडे सोपवून ठेव.